ग्रंथसूचीचे स्थलांतर

पाचोरा हे मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील स्थानक. येथूनच जामनेरकडे जाणारी अरुंद मापाची आगगाडी २०२० सालच्या साथीत बंद पडेपर्यंत धावत असे. खानदेशात तिला ‘पी. जे.’ म्हणत. मोठ्या मार्गाच्या रुळांतील अंतर साडेपाच फूट, तर ह्या छोट्या मार्गाचे अडीच फूट. त्यामुळे मुंबईहून आलेला डबा सरळ जामनेरला नेणे अशक्य होते. उतारू असो वा माल, पाचोऱ्यास गाडी बदलणे भागच पडे. ग्रंथालयांचा कारभार आज एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेला जात आहे, आणि त्यातही मापाचा हाच प्रश्न उभा राहतो.

ग्रंथालयाचा कारभार मुख्यतः चार नोंदींवर चालतो. पुस्तक आल्याची दाखल नोंदवही, ते कोठे सापडेल हे सांगणारी तालिका, सभासदांची यादी आणि दररोजची देवघेव. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मान्यताप्राप्त ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी केली जाते आणि तीनुसार त्यांना अनुदान मिळते. तेव्हा ह्या नोंदी वाचकाच्या सोयीच्या आहेत, तशाच संस्थेच्या अस्तित्वाच्याही आहेत. पुढे वह्यांच्या जागी संगणक आला आणि पुस्तक शोधण्याचे काम क्षणाचे झाले. परंतु सर्व नोंदी टेबलावरच्या एकाच यंत्रात साठू लागल्या. यंत्र बिघडले अथवा ते जाणणारा एकमेव कर्मचारी निवृत्त झाला, तर अनेक वर्षांची मेहनत एका दिवसात हातची जाण्याची भीती निर्माण झाली.

ह्यावर उपाय म्हणून मेघसंगणन अथवा ‘क्लाउड’ ही पद्धत पुढे आली आहे. नाव आकाशातले असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. थंड राखलेल्या मोठ्या दालनांत शेकडो संगणक अहोरात्र चालू असतात, त्यांची निगा तज्ज्ञ राखतात, आणि दूरच्या ग्रंथालयाने तारेने वा बिनतारी मार्गाने त्यांचा उपयोग करावयाचा. प्रत्येकाने स्वतंत्र यंत्र पोसण्याऐवजी अनेकांनी मिळून एक वापरावे, हे ह्यातील तत्त्व. खानदेशच्या शेतकऱ्यास ही कल्पना अपरिचित नाही. पांझरा नदीवरील फडपद्धतीत बंधारा सर्वांचा असतो, पाणी ठरलेल्या पाळीने मिळते, आणि शेत मात्र ज्याचे त्याचेच राहते.

ग्रंथालयांच्या जगातही सहकाराचा हा मार्ग जुना आहे. अमेरिकेतील ओहायो प्रांतातील महाविद्यालयांनी १९६७ साली एक सामाईक केंद्र स्थापिले, आणि १९७१ पासून तारेने जोडलेल्या संगणकावर सामाईक सूची चालू झाली. एका ग्रंथपालाने केलेली पुस्तकाची नोंद इतरांस आयतीच मिळू लागली. मराठी ग्रंथालयांना ह्याचा लाभ विशेष आहे. धरणगावी जन्मलेले कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे एका सूचीत ‘ठोमरे’ ह्या नावाखाली असतात, तर दुसरीत ‘बालकवी’ ह्या नावाखाली. दोन्ही नावे एकाच कवीची, हे सामाईक सूचीत एकदा नोंदले की प्रत्येक गावच्या वाचकाची चुकामूक टळते. भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तयार केलेल्या ‘ई-ग्रंथालय’ ह्या प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत अनेक ग्रंथालयांच्या समूहाने एकच सामाईक संग्रह वापरण्याची सोय आहे. न्यूझीलंडमध्ये २००० साली सुरू झालेली ‘कोहा’ ही प्रणाली तर कोणासही विनामूल्य घेता येते आणि भाड्याच्या सामाईक यंत्रावरही चालविता येते.

आता मापाचा प्रश्न. पुस्तकाचे नाव, कर्ता, प्रकाशक ही माहिती कोणत्या क्रमाने व कोणत्या खुणेने लिहावी, ह्याचा ‘मार्क’ नावाचा आंतरराष्ट्रीय नमुना आहे. त्यात कर्त्याचा रकाना १०० क्रमांकाचा आणि शीर्षकाचा २४५ क्रमांकाचा. नोंदी ह्या नमुन्यात असतील, तर त्या एका प्रणालीतून दुसरीत सुखाने जातात. मराठीत आणखी एक अडसर आहे. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतावली रूढ होण्यापूर्वी अनेक ठिकाणी निरनिराळ्या ‘फाँट’मध्ये मराठी टंकन झाले. त्यात पडद्यावर ‘क’ दिसला, तरी यंत्राच्या पोटात एखादे रोमन अक्षर वा चिन्हच साठलेले असे. अशी सूची तशीच नव्या यंत्रात लोटली, तर ‘श्यामची आई’च्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटते. म्हणून स्थलांतरापूर्वी सर्व नोंदी युनिकोडमध्ये उतरवून, काही शेकडा नोंदी प्रत्यक्ष पुस्तकांशी ताडून पाहणे अगत्याचे आहे. हे काम कंटाळवाणे खरे, पण ते टाळणाऱ्यास पुढे दुप्पट करावे लागते.

सामाईक यंत्र म्हणजे पूर्ण निर्धास्तपणा, असेही नव्हे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर २०२३ च्या ऑक्टोबरात संगणकीय हल्ला झाला, आणि तिची मुख्य सूची पुढील जानेवारीच्या मध्यापर्यंत वाचकांस उपलब्ध नव्हती. तिच्या स्वतःच्या अहवालात जुनाट यंत्ररचनेला दोष दिला आहे. पगार व हिशेब ह्यांची क्लाउडवरील व्यवस्था मात्र त्या काळातही चालू राहिली. ह्यावरून क्लाउडची बाजू बळकट होते खरी. तथापि वर्गणी थकली, कंपनी बंद पडली अथवा दर अकस्मात वाढले, तर दूरच्या दालनातील सूचीवर आपला हक्क कितपत उरतो, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

सबब, संचालक मंडळाने करारावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात. नोंदींची मालकी ग्रंथालयाचीच राहील. त्या सर्व नोंदी मार्क नमुन्यात व युनिकोडमध्ये केव्हाही, जादा आकार न देता, परत मिळतील. कोणता सभासद काय वाचतो, ही माहिती अन्य कामासाठी वापरली जाणार नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला असल्याने ही मागणी अवाजवी ठरत नाही. चौथी गोष्ट, वीज वा जोडणी तुटल्यास देवघेव कशी चालेल, ह्याची सोय सांगितली जाईल. आणि एक काम ग्रंथपालाने स्वतः करावे. दर महिन्यास सूचीची एक प्रत आपल्या कपाटात ठेवावी, आणि ती उघडते की नाही, हे वर्षातून एकदा तरी पाहावे.