सौर पंपाचा मिस्त्री : खेड्यातील तरुणांस एक उपयुक्त व्यवसाय

विहिरीवर तेलाचे इंजिन आले तेव्हा त्याच्या पाठोपाठ तालुक्याच्या गावी इंजिन दुरुस्त करणारा मिस्त्रीही आला. पुढे विजेची मोटर आली आणि बाजाराच्या गावात मोटर रिवाइंडिंगची दुकाने निघाली. आता शेतोशेती सौर पंप बसत आहेत. परंतु त्यांची नाडी ओळखणारा मिस्त्री मात्र अजून फार थोड्या गावांत आढळतो. पंप बंद पडला की पुरवठादाराच्या माणसाची वाट पाहावी लागते आणि तेवढ्या अवधीत उभे पीक माना टाकते. ही उणीव भरून काढणे हाच होतकरू तरुणांच्या दृष्टीने उपजीविकेचा एक चांगला मार्ग आहे.

राज्यात 2018 साली मंजूर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषिपंप योजनेत एक लाख पंपांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. केंद्राची कुसुम योजना 2019 साली आली व 2024 साली ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना सुरू झाली. अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे 7.5 अश्वशक्तीचा पंप, असे या योजनेचे साधारण प्रमाण आहे. पंपाची दुरुस्ती पहिली पाच वर्षे पुरवठादाराकडे असते. म्हणजे 2019 च्या सुमारास बसलेल्या पंपांची हमी संपलेली आहे व त्यांच्या दुरुस्तीचा भार आता शेतकऱ्यांवरच आला आहे. पुढील प्रत्येक वर्षी अशा पंपांची संख्या वाढतच जाणार. मिस्त्रीचे काम आहे ते येथे.

नव्या ऊर्जेच्या क्षेत्रात रोजगार पुष्कळ, असे आपण नेहमी ऐकतो. ते खरे आहे. तथापि कोणते काम किती दिवसांचे, हे तरुणांनी पारखून घ्यावे. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेखाली गावालगत काही मेगावॅटचे प्रकल्प उभे राहतात. एका मेगावॅटला साधारणपणे चार ते पाच एकर जमीन लागते. खांब रोवणे, सांगाडा उभारणे, पॅनेल बसविणे व चर खणणे या कामांना उभारणीच्या काळात माणसे भरपूर लागतात. प्रकल्प सुरू झाला म्हणजे पॅनेल धुणे, गवत काढणे, राखण आणि एकदोन तंत्रज्ञ एवढेच काम उरते. साताऱ्याकडील वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळे जिल्ह्यात पवनचक्क्यांवर काम करणाऱ्यांस उंचीची सवय व वेगळे प्रशिक्षण लागते. ते सर्वांना जमेल असे नाही. गावात राहून, शेती सांभाळून करता येण्याजोगे काम म्हणजे पंपांची व घरांच्या छपरांवरील संचांची देखभाल. छपरांवरील संचांना 2024 पासून केंद्राच्या सूर्यघर योजनेचे अनुदान मिळत असल्याने त्यांतही भर पडत आहे.

काम कसे असते ते पाहू. सौर पंपाचे मुख्य भाग तीन : पॅनेल, कंट्रोलर आणि मोटरसह पंप. “पाणी येत नाही” अशी तक्रार आली म्हणजे नवखा माणूस आधी मोटर वर काढावयास सांगतो. हे महागात पडते. जाणता मिस्त्री प्रथम वर पाहतो. पॅनेल एकापुढे एक माळेसारखी जोडलेली असल्यामुळे एकावर जरी झाडाची सावली पडली, किंवा धुळीचा व पक्ष्यांच्या विष्ठेचा थर बसला, तरी साऱ्या माळेचा प्रवाह घटू शकतो. नंतर तो जोडण्या पाहतो. सैल झालेली जोडणी तापते व काळी पडते. उघड्यावर पडलेली केबल उंदीर कुरतडतात. त्यानंतर कंट्रोलरवरील खूण वाचावी. विहिरीचे पाणी खाली गेले असता पंप कोरडा फिरू नये म्हणून कंट्रोलर स्वतःच तो बंद करतो. हा बिघाड नव्हे. मोटर फिरते पण पाणी अगदी थोडे येते, असे पंप काढून पुन्हा बसविल्यानंतर घडले तर मोटर उलटी फिरत असण्याचा संभव असतो. मोटर त्रिकला असल्यास पंप बंद करून तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली की काम भागते. मोटर वर काढण्याची पाळी या सर्वांनंतर.

धोक्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. घरातील वीज बटणाने बंद करता येते, पण ऊन आहे तोवर पॅनेल बंद होत नाही. माळेच्या टोकांवर काही शे व्होल्टचा दाब असतो व प्रवाह एकदिश, म्हणजे डी.सी. असतो. अशा प्रवाहाची ठिणगी आपोआप सहज विझत नाही. म्हणून पंप चालू असताना जोडणी ओढून काढू नये. आधी कंट्रोलर व डी.सी. स्विच बंद करावा, रबरी हातमोजे घालावेत, मीटरने खात्री करावी आणि मगच हात लावावा. भूमिजोडणी व वीजरोधक यांची तपासणी पावसाळ्यापूर्वी झालीच पाहिजे. पॅनेल सकाळी थंड असताना साध्या पाण्याने व मऊ फडक्याने धुवावे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये आणि खारे पाणी तसेच वाळू देऊ नये. पॅनेलवर पाय देऊन चढणारे पुष्कळ दिसतात. वरून काच शाबूत असली तरी आत बारीक तडे जातात आणि पॅनेल कायमचे दुबळे होते.

हे शिक्षण कोठे मिळेल? दहावी उत्तीर्ण तरुणास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री अथवा तारतंत्री हा व्यवसाय सर्वांत उपयुक्त. त्यांची मुदत दोन वर्षांची आहे. सौर तंत्रज्ञ हा एक वर्षाचा स्वतंत्र व्यवसायही अभ्यासक्रमात आहे, पण तो प्रत्येक संस्थेत नसतो. आमच्या मते ज्यास निवडीची संधी आहे त्याने वीजतंत्रीचा मार्ग धरावा. सौर काम त्यावर शिकता येते आणि सौर काम मंद असेल त्या महिन्यांत घरगुती विजेची कामे मिळतात. केंद्राने 2015 साली सुरू केलेले सूर्यमित्र हे 600 तासांचे प्रशिक्षण अशाच आय.टी.आय. उत्तीर्णांसाठी आखलेले होते. पुढील वर्ग केव्हा व कोठे आहेत याची चौकशी जवळच्या संस्थेत करावी. मुलींनी मागे राहण्याचे कारण नाही. राजस्थानातील तिलोनिया येथे अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर अशा ग्रामीण स्त्रियांनी सौर दिव्यांची जोडणी व दुरुस्ती आत्मसात केली आहे.

नोकरी देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे. सौर योजनांच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून लोकांस फसविले गेले आहे व शासनाने त्याबाबत वेळोवेळी इशारेही दिले आहेत.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील सौर पंपांची यादी करावी : कोणाच्या शेतात, कोणत्या साली, किती अश्वशक्तीचा, हमी केव्हा संपते. ही यादी पाहिली म्हणजे दहाबारा गावांत मिळून एका मिस्त्रीचा निर्वाह होईल की नाही, याचा अंदाज तरुणास प्रशिक्षणाला जाण्यापूर्वीच येईल. हमीच्या मुदतीतील पंपाचा कंट्रोलर मात्र स्थानिक मिस्त्रीने उघडू नये, कारण मग पुरवठादार जबाबदारी नाकारू शकतो. अशा वेळी पंपाचा क्रमांक पाहून शेतकऱ्याची तक्रार रीतसर नोंदवून देणे एवढेच करावे. मिस्त्रीने मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, जोडणीचे पकड व पाने यांबरोबर एक वही बाळगावी आणि प्रत्येक पंपाचा व्होल्ट व अँपिअरचा आकडा, तारीख व वेळ घालून, तीत टिपून ठेवावा. दुसऱ्या खेपेस बिघाड शोधताना त्या आकड्यांचा मोठा आधार होतो.