व्हाइट वाइन जितकी जुनी तितकी भारी? बाटली जपून ठेवण्याआधी हे वाचा

‘दारू जितकी जुनी तितकी भारी’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. म्हणूनच नाशिकहून आणलेली व्हाइट वाइन काही जण ‘खास दिवसासाठी’ कपाटात ठेवून देतात. पण वडनेर भोलजीसारख्या, उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जाणाऱ्या गावात ती बाटली दोन-तीन वर्षं तशीच राहिली, तर वाइन भारी होत नाही, बिघडते.

मग ऑस्ट्रियाची 15-20 वर्षं जुनी व्हाइट वाइन लोक शोधून का पितात?

कारण आहे द्राक्ष आणि हवामान. ऑस्ट्रियात सर्वाधिक लागवड ‘ग्रूनर फेल्टलिनर’ या पांढऱ्या द्राक्षाची आहे. डॅन्यूब नदीकाठच्या वाखाऊ भागात दिवसा ऊन आणि रात्री गारवा असतो. त्यामुळे द्राक्ष पूर्ण पिकतं, तरी त्याचा आंबटपणा जात नाही. हाच आंबटपणा वाइन टिकवतो. तिथल्या सर्वांत दमदार वाइनला ‘स्मारग्ड’ म्हणतात. हे नाव तिथल्या बागांमध्ये दिसणाऱ्या हिरव्या सरड्यावरून पडलं. 2002 मध्ये लंडनमध्ये लेबल झाकून चव घेतली गेली, तेव्हा ऑस्ट्रियाच्या वाइन्सनी फ्रान्सच्या नामांकित वाइन्सना मागे टाकलं.

नाशिकच्या सोविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या वाइन्स मात्र बहुतांशी ताजेपणासाठीच बनवल्या जातात. त्या एक-दोन वर्षांत संपवलेल्याच बऱ्या.

जुनी वाइन चाखायची कशी?

रंग: ताजी वाइन फिकट, हिरवट पिवळी असते. जुनी सोनेरी होते. तपकिरी झाली असेल तर शंका घ्या.

वास: ताज्या ग्रूनरला हिरवं सफरचंद आणि पांढऱ्या मिरीचा वास येतो. मुरल्यावर मध, सुकामेवा जाणवतो. व्हिनेगरसारखा वास आला तर ती बाद.

चव: घोट तोंडात फिरवा. गिळल्यावरही चव रेंगाळली आणि आंबटपणा जिवंत वाटला, तर वाइन चांगली मुरली आहे.

फ्रीजमधून काढल्यावर 15-20 मिनिटं थांबा. फार थंड वाइनला वासच येत नाही.

थोडक्यात, प्रत्येक वाइन मुरायला बनलेली नसते. आणि जी बनलेली असते, तिलाही अंधार आणि 12-15 अंशांचा गारवा लागतो. तो घरात नसेल, तर खास दिवसाची वाट पाहू नका.