खेकडीच्या डोळ्यातला लगाम

वळीव पडला की पाटण, जावळी आणि शिराळ्याच्या डोंगरभागात रात्री बॅटऱ्या घेऊन माणसे ओढ्याकाठी खेकडे धरायला निघतात. धरलेली मादी घरी उघडली, तर एखादीचे अंडाशय नारिंगी होऊन भरलेले असते, तर एखादीत ते बारीक, फिकट दोरीसारखे पडलेले असते. हा फरक घडवतात तिची संप्रेरके.

कोणता खेकडा?

घाटाच्या या पट्ट्यातला परिचित खेकडा म्हणजे बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस. दख्खनच्या खेकड्यांवर कर्नल साइक्स यांनी लिहिले आणि वेस्टवुड यांनी 1836 मध्ये या जातीचे वर्णन केले. पुढे 1970 च्या दशकात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात नागभूषणम आणि दिवाण यांनी तिच्या प्रजननचक्राचा अभ्यास केला. आपल्याच ओढ्यातल्या प्राण्यावर आपल्याच विद्यापीठात झालेले हे काम शाळेच्या पुस्तकात यायला हवे होते.

देठातली ग्रंथी

खेकड्याचे डोळे देठावर असतात. त्या देठात एक्स-अवयव आणि सायनस ग्रंथी अशी जोडी असते. एक्स-अवयवातल्या चेतापेशी संप्रेरक बनवतात, सायनस ग्रंथी ते साठवून रक्तात सोडते. त्यातले एक संप्रेरक अंडाशयाची वाढ रोखून धरते. हा लगामच. फ्रेंच संशोधक पानूझ यांनी 1943 मध्ये कोळंबीचे देठ काढले, तेव्हा अंडाशय झपाट्याने वाढले. कोळंबीच्या बीजनिर्मिती केंद्रांत मादीचा एक डोळा काढण्याची पद्धत याच ज्ञानातून आली. ती क्रूर आहे आणि तिला पर्याय शोधणे गरजेचे आहे.

चालना कुठून?

मेंदू आणि छातीतला चेतागुच्छ उलट काम करतात: अंडाशयाला वाढायला लावतात. सेरोटोनिनने ही चालना वाढते, डोपामिनने ती मंदावते, असे कवचधारी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. जबड्याजवळच्या ग्रंथीतून मिथाइल फार्नेसोएट स्रवते, तेही वाढीला हातभार लावते. मग बलकाचे प्रथिन, व्हायटेलोजेनिन, तयार होऊन अंड्यांत साठते आणि अंडाशयाला रंग चढतो.

कात की अंडी?

कात टाकायलाही संप्रेरक लागते, ते वाय-अवयव नावाच्या ग्रंथीतून येते, आणि त्यालाही देठातूनच आवर असतो. दोन्ही कामे भरपूर अन्नसाठा खातात, त्यामुळे मादी सहसा ती एका वेळी करत नाही. दिवसाची लांबी, तापमान आणि पाणी यांचे इशारे चेतासंस्थेमार्फत या ग्रंथींपर्यंत पोहोचतात.

अंडी मोजकी

समुद्री खेकडी एका वेळी लाखो अंडी घालते. गोड्या पाण्यातली मोजकीच, पण मोठी अंडी घालते. ती अंडी मादी पोटाखालच्या झडपेत जपते आणि त्यांतून थेट छोटे खेकडेच बाहेर पडतात. म्हणूनच पोटाखाली अंडी किंवा पिल्ले असलेली मादी हाती लागली, तर तिला लगेच ओढ्यात सोडून द्या.