भाकरी जाते कुठे?

नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर सकाळी एखाद्या मधुमेह्याला कुणीतरी म्हणतंच, ‘‘काका, वजन छान उतरलं हो!’’ काका खूश होतात. पण खाणं-फिरणं पूर्वीचंच असताना पॅन्ट कमरेवरून घसरू लागली असेल, तर आधी साखर तपासायला हवी.

रक्तातली साखर साधारण १८०च्या पुढे गेली, की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही, लघवीवाटे जाते. दिवसाला १०० ग्रॅम गेली, तर ४०० कॅलरी गेल्या. म्हणजे ज्वारीच्या दोनेक भाकरी खाऊनही अंगी लागल्या नाहीत. त्यात इन्सुलिन कमी पडलं, की शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू मोडून खातं. भूक वखवखलेली, आणि माणूस वाळत चाललेला. अशा माणसाचं जेवण ‘साखर वाढलीय’ म्हणून आणखी तोडलं जातं, ते मला फार क्रूर वाटतं. त्याला हवी असते आटोक्यातली साखर आणि पुष्कळदा इन्सुलिन. सुई म्हणजे अखेरचा टप्पा, ही भीती सोडायला हवी. इन्सुलिनने स्नायूंची झीज थांबते, वजन परत भरतं.

भरतं ते काय, हेही पाहायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. बीएमआय दोघांचा २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपल्या बारीक अंगातही स्नायूंची शिल्लक बेताची असते. म्हणून तूप-शिऱ्याने काटा वर नेण्यापेक्षा मोडाची मटकी, अंडी, दूध, शेंगदाणे आणि जोडीला ताकदीचा व्यायाम बरा. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारूनच.

साखर ताब्यात असूनही वजन उतरत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं. मधुमेह्यांना क्षयरोगाचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, त्यामुळे खोकला, संध्याकाळचा ताप अंगावर काढू नये. थायरॉईड तपासावं. पन्नाशीनंतर मधुमेह नव्याने निघाला आणि वजनही घटतंय, तर स्वादुपिंडाकडे पाहायला हवं. कधी कारण गोळीच असते: मेटफॉर्मिनने भूक मंदावते, ग्लिफ्लोझिन गटातली औषधं तर साखर मुद्दाम लघवीतून बाहेर काढतात. तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

सहा महिने ते वर्षभरात ६० किलोंचे ५७ झाले, तर डॉक्टरांना सांगावं. सोबत उलट्या, पोटदुखी, धाप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.