वळणावरची अमानत

उरुसात किंवा जत्रेत रहाटपाळणा उभा राहतो तेव्हा पोरांचे डोळे सगळ्यात वरच्या पाळण्याकडे लागलेले असतात. खाली एक माणूस हातात पाना घेऊन एकेक नट पुन्हा आवळत असतो. त्याचे नाव कुणी विचारत नाही. तरी आईबाप आपले मूल त्याच्या हवाली करतात. विश्वासाने सोपवलेल्या अशा गोष्टीला उर्दूत ‘अमानत’ म्हणतात. पाळणे बनवणाऱ्यांचा सारा धंदा या अमानतीवर चालतो. जर्मनीतले अँटन श्वार्झकॉफ यांचे आयुष्य याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

1924 साली बव्हेरियातल्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. पुढे त्यांच्या कारखान्यात गावोगाव फिरणाऱ्या जत्रावाल्यांसाठी गाड्या बनत. त्यामुळे जत्रेच्या गरजा त्यांना जवळून ठाऊक होत्या. खेळ मोठा हवा, पण चार दिवसांनी तो खोलून ट्रकवर लादता यायला हवा आणि पुढच्या गावी तसाच उभा राहायला हवा. लाकडी रोलर कोस्टरचे हे काम नव्हते. तो बागेत एकदा बांधला की तिथलाच झाला. श्वार्झकॉफ लोखंडाकडे वळले. 1957 मध्ये त्यांचा पहिला रोलर कोस्टर उभा राहिला. नंतरच्या ‘वाइल्डकॅट’ आणि ‘जेट स्टार’ने त्यांचे नाव जर्मनीबाहेर नेले.

पण त्यांची खरी कीर्ती एका वळणाने झाली. गाडीला रुळावरून पूर्ण उलटे फिरवणारे उभे वळण, म्हणजेच ‘लूप’, ही कल्पना जुनीच होती. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1895 मध्ये तशी गाडी धावली होती. तिचे वळण बांगडीसारखे गोल होते आणि तिथेच घोटाळा होता. सरळ रुळावरून वेगात आलेली गाडी एकदम गोलात शिरली की बसणाऱ्याच्या मानेला जबर हिसका बसे. लोक मान चोळत उतरत. अखेर तो खेळ बंद पडला आणि लूप म्हणजे धोका, असा समज पक्का झाला.

श्वार्झकॉफ यांच्यासोबत काम करणारे अभियंता वेर्नर श्टेंगल यांनी गणिताने यातून वाट काढली. गाडीचा वेग खाली जास्त असतो आणि वर जाताना कमी होतो. म्हणून वळण खाली पसरट आणि वर आवळलेले, पाण्याच्या थेंबासारखे हवे. आगगाडीचे रूळ जसे हळूहळू वाकत वळणात शिरतात, तीच ही युक्ती. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन या बागेत त्यांची ‘रेव्होल्यूशन’ धावली. माणसे उलटी झाली आणि हसत उतरली.

या गाडीत प्रवाशाला धरायला मांड्यांवर फक्त एक दांडा होता. वळण नीट आखले असेल तर गाडी उलटी असतानाही माणूस आसनावरच दाबला जातो, यावर श्वार्झकॉफ यांचा विश्वास होता.

धंदा मात्र वळणासारखा हिशेबात बसेना. नाव जगभर झालेले असतानाच 1983 मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. रेखाटन थांबले नाही, पण त्याहून मोठा घाव पुढे होता. कॅनडातल्या एडमंटन शहरातील एका मॉलमध्ये त्यांनी आखलेली तीन लूपची ‘माइंडबेंडर’ धावत होती. जून 1986 मध्ये शेवटच्या डब्याचे बोल्ट सुटले, चाकांचा संच निखळला आणि डबा खांबावर आदळला. तीन जणांचा जीव गेला. वळणाचे गणित चाक रुळावर असेपर्यंतच कामाचे असते. कागदावरच्या हुशारीइतकाच रोज सकाळी आवळायचा बोल्टही महत्त्वाचा, हे त्या तीन घरांनी फार मोठी किंमत मोजल्यावर जगाला कळले. त्या गाडीला पुढे खांद्यांवरून येणारी बंधने बसवली गेली.

1989 मध्ये श्वार्झकॉफ यांची ‘ऑलिंपिया लूपिंग’ म्युनिकच्या जत्रेत आली. ऑलिंपिकच्या कड्यांसारखी तिला पाच लूप होती आणि एवढा अवाढव्य पसारा खोलून दुसऱ्या गावी नेता येत होता. जत्रेसाठी घडवायला शिकलेल्या कारागिराने जत्रेलाच आपले सर्वात मोठे काम दिले. 2001 च्या जुलैमध्ये ते वारले.

‘रेव्होल्यूशन’लाही मध्यंतरी खांद्यांवरची जाड बंधने आली होती. त्यांवर डोके आपटते, अशी प्रवाशांची तक्रार असे. 2016 मध्ये ती काढून पुन्हा मांड्यांवरचा दांडा बसवण्यात आला. चाळीस वर्षांनंतरही ते वळण माणसाला सांभाळायला पुरेसे ठरले.

ईद येईल, उरूस आणि यात्रा येतील. पोरे पाळण्यासाठी हट्ट धरतील. त्यांना वर बसवण्याआधी खाली पाना घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे क्षणभर पाहावे आणि त्याला त्याचे काम पुरते करू द्यावे. रांगेतून ‘चला, लवकर चालू करा’ असा ओरडा करणारेही आपणच असतो.