पेणचे ठेवीदार हावरट नव्हते

रायगड जिल्ह्यातल्या पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, त्याला सप्टेंबर 2025 मध्ये पंधरा वर्षे झाली. हल्ली गावोगाव सायबर जागृतीची व्याख्याने होतात. वक्ते चांगले बोलतात, पण शेवटी बहुतेकांची गाडी एकाच वाक्यावर येते: हाव सोडा, मग कोणी फसवणार नाही. ज्यांच्या ठेवी त्या बँकेत अडकल्या त्या रोहा-पेण पट्ट्यातल्या माणसांसमोर हे वाक्य बोलायला धाडस लागते, किंवा विसराळूपणा.

जुन्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. भांडी चकचकीत करून देतो म्हणत दारात यायचे आणि पाटल्यांचे सोने उतरवून पसार व्हायचे, असे भामटे होते. भिशीचा हिशेब न देता गाव सोडणारेही होते. नव्वदीत सागवान लागवडीच्या योजना आल्या. आज थोडे पैसे भरा, वीस वर्षांनी लाख घ्या. ज्यांच्या परड्यात साग उभा आहे अशा माणसांनीही पैसे भरले, कारण माहितीपत्रक गुळगुळीत होते. 1999 मध्ये सेबीने अशा सामूहिक योजनांसाठी नियम केले आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला. तोवर बऱ्याच कंपन्यांच्या पाट्या उतरल्याही होत्या.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेले आणि अजून मनातून न गेलेले दशक त्यानंतरचे, साधारण 2004 ते 2014. त्याची सुरुवात जमिनीपासून झाली. महामुंबई सेझची, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राची, घोषणा झाली आणि पेण, उरण, पनवेल तालुक्यांत सातबारा हा चहाच्या टपरीवरचा विषय झाला. दलालांच्या मोटरसायकली जाऊन गाड्या आल्या. मुंबईच्या नोकरदारांना ‘निसर्गाच्या कुशीत’ प्लॉट विकले जाऊ लागले. जाहिरातीत बिगरशेती, प्रत्यक्षात शेती. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहज विकत घेता येत नाही, ही बारीकशी अडचण इसार दिल्यानंतर कळायची. एकच तुकडा दोघा-तिघांना विकल्याच्या तक्रारीही तेव्हा कानावर येत. महारेरा हे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण यायला अजून बराच अवकाश होता. ते 2017 मध्ये आले, आणि आज प्लॉटिंगचा नोंदणी क्रमांक घरबसल्या तपासता येतो. तेव्हा तपासायचे म्हणजे तलाठ्याची वाट पाहायची.

आता हावेचा मुद्दा घेऊ. 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सेझवर शेतकऱ्यांचे मत नोंदवून घेण्यात आले. समोर रोख मोबदला होता. तरी बहुसंख्यांनी जमीन द्यायला नकार नोंदवला. रोकडा नाकारणारा हा तालुका. दोनच वर्षांनी त्याच तालुक्याची बँक बसली, आणि पैसे बुडालेल्यांना शहाणी माणसे सांगू लागली की जास्त व्याजाच्या मागे लागलात, भोगा.

कुठले जास्त व्याज? नागरी सहकारी बँका सरकारी बँकांपेक्षा अर्धा-एक टक्का जादा देत, एवढेच. ती काही रातोरात दुप्पट करून देणारी योजना नव्हती. रिझर्व्ह बँकेचा परवाना होता, सहकार खात्याची देखरेख होती, दरवर्षी लेखापरीक्षण होत होते. सामान्य माणसाने आणखी काय तपासायचे? कर्जखात्यांची यादी? ती मागितली असती तरी कोणी दिली नसती, आणि घोटाळा नेमका तिथेच होता. बनावट कर्जखाती उघडून पैसा बाहेर काढला गेला. कागदावर कर्जे दिसत होती, ताळेबंद जुळत होता. सुमारे सहाशे कोटींचा घोळ आणि दोन लाखांच्या आसपास ठेवीदार. त्यात हमरापूर-जोह्याचे मूर्तिकार होते, पापड लाटणाऱ्या बाया होत्या, निवृत्त मास्तर होते. 2010 चे गणपतीही त्याच सप्टेंबरात होते. वर्षभराच्या मूर्तींचे पैसे हातात यायचे ते दिवस.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रोह्याशी नाळ असलेले. आम्हांला त्याचा अभिमान आहे. म्हणूनच विचारावेसे वाटते की ज्यांच्याकडे तपासणीचे अधिकार होते त्यांना हावरट नाही तरी निदान झोपाळू म्हणायला कोणी का धजावले नाही? 2014 मध्ये पेण अर्बनचा परवाना रद्द झाला. मोर्चे झाले, उपोषणे झाली, मंत्र्यांच्या बैठका झाल्या. ठेवपावत्या मात्र कित्येक घरांत अजून कपाटातच आहेत.

एजंटांबद्दल बोलताना मात्र मी एवढा ताठ राहणार नाही. पॅनकार्ड क्लब्ज, पीएसीएल या लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांच्या पावत्या घेऊन येणारा माणूस अनोळखी नसे. कोणाचा तरी भाचा, कोणाचा जावई, शाळेतला वर्गमित्र. ‘काका, माझेही पैसे त्यातच आहेत’ हे त्याचे हुकमी वाक्य, आणि ते खरेही असे. आठवड्याच्या बाजारात हप्ता गोळा व्हायचा. इथे थोडी हाव होती, हे कबूल. पण त्याहून मोठी होती भीड. घरच्या माणसाला नाही कसे म्हणायचे? 2014 मध्ये सेबीने पीएसीएलला पैसे परत करण्याचा आदेश दिला आणि पॅनकार्ड क्लब्जला नवे पैसे गोळा करायला मनाई केली. एजंट पोरे तोंड लपवून हिंडू लागली. कंपनीचे मालक कोण, हे गावात कोणालाच माहीत नव्हते, त्यामुळे शिव्या या पोरांनीच खाल्ल्या.

पुढच्या वर्षांचे मला फार कौतुक नाही. शेजारी पनवेलला कर्नाळा नागरी बँकेत पुन्हा बनावट कर्जखाती सापडली, 2021 मध्ये तिचाही परवाना गेला. तिथल्या ठेवीदारांचे नशीब एवढेच की 1993 पासून एक लाखावर अडलेले ठेवविम्याचे कवच 2020 मध्ये पाच लाखांवर गेले होते. 

आता फोन आला आहे. ‘आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर बोला.’ ‘तुमच्या नावाने पार्सल सापडले आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका.’ यात हाव कुठे आहे? वेळेवर बिल भरणारा, पोलिसाला घाबरणारा सरळ माणूसच यात सापडतो. त्याला हाव सोडायला सांगून काय उपयोग? त्याला सांगायला हवे की डिजिटल अटक नावाचा प्रकार कायद्यात नाही. पैसे मिळवायला यूपीआय पिन टाकावा लागत नाही, तो पैसे देताना टाकायचा असतो. चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल उघडायची नाही. समोरचा घाई करतो आणि घरच्यांना सांगू नका म्हणतो, तेव्हा फोन ठेवून घरच्यांनाच सांगायचे. पैसे गेलेच तर त्याच घटकेला 1930 हा सायबर मदतीचा नंबर लावायचा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येते. लाजून दोन दिवस गप्प बसलेल्याचे पैसे सहसा सापडत नाहीत, आणि ती लाज ‘हाव सोडा’ म्हणणाऱ्यांनीच त्याच्या मनात भरलेली असते.

अजून एक गोष्ट व्याख्यानांत क्वचित ऐकू येते, म्हणून इथे लिहितो. पाच लाखांचा ठेवविमा एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून आहे. पतसंस्थेला तो मुळीच लागू नाही. आपल्या रोहा-पेण या दोन्ही तालुक्यांत पतसंस्था भरपूर आहेत. पुढची पावती करण्याआधी या ठेवीला विमा आहे का, हे काउंटरवर विचारा, आणि उत्तर लेखी मागा.