एबीएसचा दिवा विझत नाही? आधी चाकाकडे पाहा

गोव्याहून चोर्ला घाटमार्गे बेळगाव आणि तेथून निपाणी, कोल्हापूर हा अनेकांचा नेहमीचा प्रवास. पावसाळ्यात घाटातील निसरडा रस्ता, जांबोटी परिसरातील तांबडा चिखल आणि गळीत हंगामात निपाणी-संकेश्वर भागात उसाच्या ट्रॉलींबरोबर महामार्गावर येणारी शेतातली माती, हे सारे जुन्या मोटारीच्या चाकांना सोसावे लागते. अशा मोटारीच्या डॅशबोर्डवर एके दिवशी एबीएसचा पिवळा दिवा पेटतो आणि विझेनासा होतो. ब्रेक तर लागतो आहे, मग चिंता कसली, असे म्हणून तिकडे काणाडोळा केला जातो. हा काणाडोळा महागात पडू शकतो.

जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जागीच अडकले, तर गाडी घसरत जाते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. हे टाळण्यासाठी चाकांजवळचे सेन्सर दातेरी रिंगच्या साह्याने चाकाचा वेग मोजतात आणि चाक अडकू लागताच एबीएस ब्रेकचा दाब क्षणाक्षणाला कमी-अधिक करते. १९७८ मध्ये बॉश कंपनीची ही यंत्रणा मर्सिडीजच्या मोटारीत आली. भारतात मात्र एप्रिल २०१९ पासून ती सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत ती केवळ महागड्या प्रकारांतच मिळे.

चावी फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला, तर यंत्रणेने दोष ओळखून स्वतःला बंद केले आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी साधे ब्रेक सहसा चालू असतात; परंतु हॅण्डब्रेक सोडलेला असूनही ब्रेकचा लाल दिवा सोबत पेटला असेल, तर गाडी पुढे नेऊ नये.

दुरुस्तीचा क्रम स्वस्तातून महागाकडे असावा. प्रथम ब्रेक ऑइलची पातळी, बॅटरी आणि एबीएसचा फ्यूज पाहावा. नंतर स्कॅनरने दोषाचा कोड वाचून घ्यावा. केवळ इंजिनचे कोड वाचणारा साधा स्कॅनर येथे उपयोगी पडत नाही. एबीएस वाचणारा स्कॅनर आहे का, हे गॅरेजमध्ये आधीच विचारावे. कोणत्या चाकाकडे दोष आहे, हे बहुधा कोडवरून कळते. मात्र कोडमध्ये सेन्सरचे नाव आले म्हणजे सेन्सरच बिघडला, असे नव्हे. त्याची वायर किंवा कनेक्टरही दोषी असू शकतो.

म्हणून ते चाक काढून पाहणे आवश्यक. स्टिअरिंगबरोबर सतत वळणारी पुढच्या चाकाची वायर आतून तुटते. कनेक्टरमध्ये पाणी शिरते. सेन्सरच्या टोकावर लोखंडाचा कीस आणि चिखल साचतो, तर खाली धरलेला गंज सेन्सरला जागेवरून उचलतो. बेअरिंग सैल झाले तरी सेन्सर आणि रिंगमधले सूक्ष्म अंतर बिघडते. कोरड्या रस्त्यावर, गाडी थांबता थांबता पेडल थरथरत असेल, तर गंजलेल्या किंवा तडा गेलेल्या रिंगचा संशय घ्यावा. अनेकदा सफाईने किंवा वायर बदलून काम भागते. हे सर्व ठीक निघाले, तरच पंप आणि कंट्रोल मॉड्यूलकडे वळावे. कारण तो खर्च सर्वांत मोठा. थेट मॉड्यूल बदलण्याचा सल्ला मिळाला, तर वरील तपासण्या झाल्या का, हे जरूर विचारावे. दुरुस्तीनंतर काही गाड्यांत थोडे अंतर चालवल्यावरच दिवा विझतो, हेही ध्यानात ठेवावे.

तोपर्यंत पुढच्या वाहनापासून अधिक अंतर राखावे. निपाणीजवळचा तवंदी घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये वेग आवरावा. चाके अडकून गाडी घसरू लागली, तर ब्रेक किंचित सोडून पुन्हा हळूच दाबावा.

जुनी मोटार विकत घेणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. दोष लपवण्यासाठी दिवा काढून टाकण्याचे किंवा दुसऱ्या दिव्याच्या वायरला जोडण्याचे प्रकार होतात. गाडीला एबीएस असूनही चावी फिरवल्यावर हा दिवा पेटतच नसेल, तर सौदा तेथेच थांबवावा. न विझणारा दिवा निदान सावध तरी करतो. न पेटणारा दिवा मात्र घाटाच्या वळणावरच खरे काय ते सांगतो.